फायबर बॉडीच्या किट कारला दारं बसवताना: आधी चौकट, मग बिजागरी, फट सगळ्यात शेवटी

किट कारचं, म्हणजे सुट्या भागांतून स्वतः जोडलेल्या गाडीचं, दार नीट लागत नसलं की पाना थेट बिजागरीकडे जातो. दोष तिथे क्वचितच असतो. ज्या भोकात दार बसायचं ते भोक आधीच वाकडं झालेलं असतं, नाहीतर दार बसवल्यानंतर वाकडं होणार असतं. घर बांधताना सुतार आधी चौकट ओळंब्यात उभी करतो आणि मगच दाराला रंधा लावतो. गाडीतही क्रम तोच, फरक एवढाच की ही चौकट स्टीलच्या चासीवर नट-बोल्टने बसलेली फायबरची असते आणि ती हलते.

इथली मापं दोन दारांच्या, उघड्या टपाच्या रोडस्टरसाठी धरली आहेत: स्टीलची चासी, पॉलिएस्टर रेझिनची फायबर बॉडी, दाराची लांबी साधारण १००० मिमी, वजन काच न धरता १२ ते १५ किलो. टप असलेल्या गाडीत बॉडी कमी वाकते, त्यामुळे काम थोडं सोपं जातं, पद्धत तीच.

कायद्याचंही सुरुवातीलाच सांगायला हवं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ कंपनीने नोंदवलेल्या तपशिलांशी विसंगत बदल करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठामपणे सांगितलं. तेव्हा जुन्या जीपच्या किंवा मारुतीच्या सांगाड्यावर नवी बॉडी चढवून ती घोडबंदर रोडवर काढायचा विचार असेल, तर फायबरला हात लावण्याआधी ठाण्याच्या किंवा नवी मुंबईच्या आरटीओत जाऊन या. दाराची फट त्यानंतरही जुळवता येईल.

गाडी जमिनीवर, वजनासकट

बॉडी चासीवर नुसती ठेवून दारं जुळवली, तर बोल्ट आवळल्यावर सगळं बदलतं. म्हणून बॉडीखालचे रबर माउंट आणि पॅकिंग शेवटचं, म्हणजे कायम राहणार तेच, बसवा आणि सगळे बोल्ट पूर्ण आवळा. इंजिन, गिअरबॉक्स, बॅटरी, रेडिएटर जागेवर हवेत. टाकी अर्धी भरलेली हवी. सीट बसवल्या नसतील तर त्यांच्या जागी वाळूच्या पिशव्या ठेवा. दोन माणसांच्या हिशोबाने बाजूला ६५-७० किलो. गाडी स्वतःच्या चाकांवर उभी असावी. चाकं अजून लागलेली नसतील तर घोड्या (गाडी टेकवायचे स्टँड) चासीच्या मधोमध न लावता सस्पेन्शनखाली लावा. मधोमध घोडी लावली की चासी उलट्या बाजूने वाकते, दाराची फट वरून उघडते आणि तुम्ही तिच्याशीच जुळवत बसता.

सोसायटीच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये काम करत असाल तर फरशीवर विश्वास ठेवू नका. पाणी वाहून जावं म्हणून तिला उतार मुद्दाम दिलेला असतो. गवंड्याकडची पाण्याची लेव्हल ट्यूब घ्या, चासीच्या चारही कोपऱ्यांवर एकेक खूण ठरवा आणि चाकांखाली प्लायचे तुकडे सारून चारही खुणा २ मिमीच्या आत आणा. स्पिरिट लेव्हल इथे उपयोगाची नाही, एवढ्या लांबीवर तिची चूक दिसतच नाही.

मग दाराच्या भोकाची मापं घ्या: वरची रुंदी, खालची रुंदी, पुढची आणि मागची उंची, दोन्ही कर्ण. डावी आणि उजवी बाजू शेजारी-शेजारी लिहा. डाव्या-उजव्या कर्णांमध्ये ३ मिमीपर्यंत फरक असेल तर पुढे जा. ६-७ मिमी असेल तर बॉडी माउंटखालचं पॅकिंग बदलून तो कमी करावा लागेल. बिजागरी एवढा फरक खाऊ शकत नाही. साधारण अंदाज असा की पुढच्या खांबाजवळच्या माउंटखाली १ मिमी पत्रा घातला की त्या खांबाचं वरचं टोक मागे सरकतं आणि वरची फट बारीक होते. किती सरकतं ते प्रत्येक बॉडीत वेगळं, म्हणून एकेक मिमीने घालून पुन्हा मोजा.

यानंतरची चाचणी सहसा कुणी करत नाही, पण पुढचा सगळा मनस्ताप तीच वाचवते. पुढच्या एका चाकाखाली १०० मिमीचा लाकडी ठोकळा सरकवा आणि दोन्ही बाजूंचे कर्ण पुन्हा मोजा. फरक २ मिमीपेक्षा जास्त पडला तर चासी पिळतेय. अशा गाडीत दार कितीही छान बसवा, पहिल्या मोठ्या खड्ड्यात ते मागच्या कोपऱ्यावर घासणार आणि तिथला रंग उडणार. त्यावर उपाय एकच, सिलच्या (दाराखालच्या उंबऱ्याच्या) आत स्टीलचं चॅनेल आणि पुढचा-मागचा खांब चासीला जोडणारा तिरका टेका. तो दारं टांगण्याआधी वेल्ड करून घ्या. नंतर वेल्डिंग केलं तर उष्णतेने शेजारचं फायबर जळतं.

फायबरचा स्वभाव

साच्यातून नुकतंच निघालेलं दार पक्कं झालेलं नसतं. पॉलिएस्टर रेझिन पुढचे काही आठवडे आक्रसत राहतं. या काळात दार भिंतीला तिरकं टेकवून ठेवलं तर ते त्याच वाकात कायम होतं, आणि मग दोन बिजागऱ्या आणि एका खटक्याच्या जोरावर ते सरळ करता येत नाही. दार मिळालं की ते त्याच्या भोकात मास्किंग टेपने बांधून ठेवा. जागा नसेल तर सपाट प्लायवर आडवं.

जोडकाम पावसाळ्यात करणं टाळावं. जुलैत ठाण्याच्या हवेत रेझिनचा वरचा थर चिकट राहतो आणि जोडाची ताकद कमी भरते. करावंच लागलं तर बंद खोलीत, हॅलोजनच्या उबेत, आणि हार्डनर वजनावर मोजून १ ते २ टक्के. कोबाल्ट (रेझिन घट्ट होण्याचा वेग वाढवणारं रसायन) आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळू नका, स्फोट होतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, हार्डनर अगदी शेवटी.

स्टीलच्या पट्ट्या जुन्या फायबरला चिकटवायला इपॉक्सी वापरा. वाळलेल्या पॉलिएस्टरवर इपॉक्सी घट्ट धरतो. उलटं मात्र होत नाही, इपॉक्सीवर पॉलिएस्टर किंवा जेलकोट (फायबरचा वरचा चकचकीत थर) नीट धरत नाही. म्हणून बाहेरून दिसणाऱ्या कडांवर इपॉक्सी येऊ देऊ नका. चिकटवायच्या जागी ४० नंबर पेपरने घासून तंतू उघडे करा आणि ॲसिटोनने पुसा. घासताना एन ९५ मास्क, पूर्ण बाह्यांचा शर्ट, आणि खाली ओलं गोणपाट. फायबरची धूळ शेजारच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर गेली की पुढचं काम दुसरीकडेच करावं लागतं.

बिजागरी कुठे

आधी जोर. दोन बिजागऱ्यांमध्ये निदान ३०० मिमी अंतर हवं, जमलं तर ३५०. उतरताना माणूस उघड्या दाराच्या टोकावर सहज ३० किलो भार टाकतो. बिजागऱ्या ३०० मिमीवर असतील तर तोच भार वरच्या बिजागरीला साधारण १०० किलोने ओढतो, २०० मिमीवर असतील तर १५० किलोने. फायबरच्या ४ मिमी भिंतीला हे झेपत नाही. म्हणून खांबाच्या आत ६ मिमी जाडीची एमएस (साध्या स्टीलची) प्लेट, आणि ती नुसती चिकटवलेली नाही तर चासीपर्यंत गेलेल्या चौकोनी नळीला जोडलेली. दाराच्या आत २५ × २५ × १.६ मिमी नळीची फ्रेम, आणि बिजागरी त्या फ्रेमला. अशा प्लेटा लेझरवर कापून घेतल्या तर भोकं नेमकी येतात. वागळे इस्टेट किंवा तुर्भे-रबाळे पट्ट्यातल्या वर्कशॉपला गत्त्याचं टेम्प्लेट न देता मापाची ड्रॉइंग द्या.

बिजागऱ्या मारुती ८०० किंवा ओम्नीच्या भंगारातून घेणं स्वस्त पडतं. घेताना पिन हातात धरून हलवून पाहा. पिनीत किंचित ढिलाई असली तरी दाराच्या टोकाला ती तिपटीने दिसते. जीपसारख्या बाहेरच्या बिजागऱ्या शोभत असतील तर त्याच लावा, कारण पुढचा भाग त्यांच्यासाठी जवळजवळ सुटलेलाच असतो.

तो पुढचा भाग म्हणजे दाराची पुढची कड. आतल्या बिजागरीवर दार उघडताना ती कड आधी थोडी पुढे सरकते आणि मग फेंडरच्या (चाकावरच्या बॉडीच्या) मागे आत जाते. किती पुढे सरकेल ते कागदावर काढता येतं. पिनेच्या मध्यापासून कड किती पुढे आहे ते माप ‘अ’, आणि पिनेपासून किती बाहेर आहे ते ‘ब’. दोन्हींचा वर्ग करून बेरीज करा, वर्गमूळ काढा, त्यातून ‘अ’ वजा करा. अ = ४०, ब = २० असेल तर उत्तर ४.७ मिमी, म्हणजे ५ मिमीच्या फटीत जेमतेम निभावतं, रंग चढल्यावर तेही नाही. अ = १०, ब = ४० असेल तर उत्तर ३१ मिमी; असं दार उघडणारच नाही. त्यामुळे पिन जितकी दाराच्या बाहेरच्या पृष्ठभागाजवळ नेता येईल तितकी न्या. ब १५ मिमीच्या आत ठेवला आणि अ ४० असला तर सरक २.७ मिमीवर येते. फेंडरची मागची कड आत दुमडलेली असेल तर ती दुमडही मोजा. घासतं तिथेच, बाहेर काही दिसत नाही.

दोन्ही पिना एका रेषेत हव्यात. पिना काढून दोन्ही बिजागऱ्यांमधून त्याच जाडीची एक लांब सरळ सळई घाला. ती बोटांनी फिरली पाहिजे. जोर लावून फिरत असेल तर दार उघडताना बिजागरी स्वतःला आणि फायबरला पिळत राहील, आणि थोड्याच काळात बोल्टभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा दिसतील.

सळई बाजूने पाहिल्यावर ओळंब्यात असावी. समोरून पाहिल्यावर मात्र तिचं वरचं टोक २ अंश गाडीच्या आत झुकवा. त्याने दार उघडताना टोक वर उचललं जातं. हजार मिमीच्या दारात ६० अंश उघडल्यावर ही उचल सुमारे ३० मिमी होते, म्हणजे फुटपाथच्या कडेला गाडी लावली तरी दाराचा तळ घासत नाही, आणि सोडलं की दार आपोआप बंद व्हायला बघतं. टोक बाहेर झुकलं तर बरोबर उलटं: दार खाली जातं आणि हात सोडला की सताड उघडतं.

दार टांगणं

इथे क्रम महत्त्वाचा आहे. दार आधी बिजागरीशिवाय जागेवर अडकवा.

भोकाच्या कडेभोवती ६ मिमी फट ठेवायची, कारण प्रायमर आणि रंगाचे थर दोन्ही कडांवर चढून ती ५ वर येते. टाइल लावणारे वापरतात ते प्लास्टिकचे स्पेसर चालतात. ५ मिमीच्या स्पेसरला मास्किंग टेपचे थर गुंडाळून ६ करा. खाली दोन, पुढे दोन, मागे दोन. मग दार आणि बॉडी यांच्यावर आडव्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या दुहेरी टेपने चिकटवा, म्हणजे बाहेरचा पृष्ठभाग एका पातळीत राहील. दार बॉडीपेक्षा बाहेर येत असेल तर आत ढकलून धरू नका, कुठे अडतंय ते शोधा.

आता सगळ्यांचा अडकण्याचा मुद्दा, रबर. दाराच्या आतल्या बीडिंगचा (कडेच्या रबरी पट्टीचा) फुगा बंद दारात साधारण एक तृतीयांश दबला पाहिजे. १२ मिमीचा फुगा असेल तर दार आणि बॉडीच्या आतल्या कडेत ८ मिमी जागा हवी. ती जागा बिजागऱ्या कायम करण्याआधी मोजा. रबर न लावता दार सुंदर बसतं, रबर लावलं की तेच ३-४ मिमी बाहेर उभं राहतं आणि खटका लागायला खांदा द्यावा लागतो. जागा कमी असेल तर बारीक बीडिंग घ्या किंवा आतली कड घासा. पुट्टी लावून बाहेरचा पृष्ठभाग वर आणण्याचा मोह होतो. पुट्टीची ती कड दार आपटलं की उडते.

बिजागऱ्या सी-क्लॅम्पने धरा, सळई घाला, ओळंबा बघा. प्रत्येक बिजागरीला आधी एकच बोल्ट, तोही भोकाच्या मध्यावर. बोल्ट एम ८, ग्रेड ८.८, झिंक केलेले. बॉडीकडच्या प्लेटला १२ मिमीचं भोक घ्या म्हणजे चारी दिशांना २ मिमी सरकायला वाव राहतो, आणि त्यावर २५ मिमी रुंद, ३ मिमी जाड वॉशर. दाराकडची भोकं मात्र घट्ट, ८.५ मिमी. दोन्हीकडे ढिलाई ठेवली तर कुठलं काय सरकलं हे कळत नाही. खाडीच्या हवेमुळे स्टेनलेस बोल्ट घ्यावेसे वाटतात, पण बाजारात सहज मिळणारे ए२-७० बोल्ट ताकदीला ८.८ पेक्षा कमी असतात. झिंक बोल्टवर वॅक्स मारा, पुरतं. बोल्ट फायबरमधून जात असेल तर आत स्टीलची बुश (छोटी नळी) घाला. नाहीतर आवळताना फायबर दबतं, आणि आज २४ न्यूटन-मीटरला आवळलेला बोल्ट महिन्याभराने ढिला लागतो.

पट्ट्या काढा आणि खटका न लावता दार हळूहळू उघडा. घासलं तर तिथेच थांबा आणि कुठे ते बघा. जुळवणी अशी:

दाराचं टोक खाली बसत असेल तर खालच्या बिजागरीमागे पत्री (पातळ पत्र्याचा तुकडा) घाला, म्हणजे दाराचा खालचा भाग मागे सरकेल. बिजागऱ्यांमध्ये ३५० मिमी असताना १ मिमी पत्री टोकाला जवळजवळ ३ मिमी उचलते. म्हणून ०.५ मिमीच्या पत्र्या कापून ठेवा. एकदम २ मिमीची पत्री घालणारा दुसऱ्या दिवशी ती काढतो.

मागचा खालचा कोपरा बाहेर राहत असेल तर वरची बिजागरी बाहेर सरकवा. खटक्यावर धरलेलं दार कर्णावर फिरतं, त्यामुळे पुढे वर केलेली हालचाल मागे खाली उलट दिसते. मागचा वरचा कोपरा बाहेर असेल तर खालची बिजागरी बाहेर. हे डोक्यात उलटंसुलटं होतं, म्हणून एका वेळी एकच बोल्ट सैल करा आणि प्रत्येक बदलानंतर चारही कोपऱ्यांची फट लिहून ठेवा.

दार सगळीकडून सारखंच आत किंवा बाहेर असेल तरच दोन्ही बिजागऱ्या मिळून हलवायच्या.

खटका

लॉक आणि स्ट्रायकर (खांबावरचा, लॉक ज्याला पकडतं तो आकडा) एकाच गाडीचे घ्या, आणि दोन टप्प्यांचा खटका असलेलेच. पहिल्या टप्प्यावर अडकलेलं दार चालत्या गाडीत पूर्ण उघडत नाही; घराच्या दाराची कडी हे काम करू शकत नाही. स्ट्रायकरमागे ५ मिमीची प्लेट, तीही मागच्या खांबाच्या स्टीलला जोडलेली.

जागा ठरवायला लॉकच्या तोंडात मुलांच्या खेळण्यातली चिकणमाती भरा, दार हलकेच लावा, ठसा बघा. स्ट्रायकर मध्यावर आला पाहिजे. मग बंद होतानाच्या शेवटच्या १० मिमीत दाराच्या टोकाकडे लक्ष ठेवा: ते वर उचललं जात असेल किंवा खाली दबत असेल तर स्ट्रायकर चुकलाय. दार उचलायचं काम स्ट्रायकरला लावणं ही सगळ्यात सर्रास दिसणारी पळवाट आहे. फट जुळल्यासारखी दिसते, पण रोजच्या प्रत्येक आपटण्याचा भार लॉक आणि बिजागरी दोघांवर पडतो.

उघडण्यावर लगाम म्हणून पट्ट्याचा किंवा सळईचा स्टॉपर, ६५ अंशांवर, दोन्ही टोकं स्टीलमध्ये. फायबरला स्क्रू मारून लावलेला स्टॉपर पाम बीच रोडच्या एका वाऱ्याच्या झोतात निघून हातात येतो.

फट आणि उरलेलं

आता कुठे फट सारखी करायची. रुंद पडली असेल तिथे दाराच्या कडेवर फायबरची मॅट आणि रेझिन चढवा. समोरच्या बॉडीच्या कडेवर ब्राउन टेप लावून तिला वॅक्स फासा म्हणजे ती चिकटणार नाही. अरुंद असेल तिथे ५ मिमी जाड प्लायच्या पट्टीवर ८० नंबरचा पेपर चिकटवून फटीतून ओढत जा. पेपरच्या जाडीमुळे फट ६ च्या आसपास येते. डोळ्याला फट किती यापेक्षा ती बारीक-जाड होते का तेच दिसतं, म्हणून सगळीकडे ६.५ आलं तर चालेल, एका ठिकाणी ५ आणि दुसऱ्या ठिकाणी ८ नको. मे महिन्यातल्या उन्हात फायबरचं दार स्टीलच्या फ्रेमपेक्षा जास्त फुगतं, हजार मिमीचं दार ३० अंशांच्या फरकाने एकूण पाऊण मिमीच्या घरात. त्यामुळे ४ मिमीच्या खाली जाऊ नका, गडद रंगाच्या गाडीत तर नाहीच.

रंगासाठी दारं उतरवण्याआधी प्रत्येक बिजागरी आणि प्लेट यांच्या आरपार ४ मिमीची दोन भोकं पाडा. परत जोडताना त्यांत ड्रिलच्या दांड्या घातल्या की दार जसंच्या तसं जागेवर येतं. पत्र्यांवर डावी-उजवी, वरची-खालची असं कोरून ठेवा. मार्करची शाई थिनरने जाते.

दाराच्या तळाला ८ मिमीची तीन भोकं, एक पुढच्या, एक मागच्या कोपऱ्यात आणि एक मध्ये, आणि फ्रेमच्या नळीलाही. ठाण्याच्या पावसात काचेच्या फटीतून पाणी आत येणारच. ते बाहेर गेलं नाही तर नळी आतून गंजते आणि गंज फायबरला फोडून बाहेर येतो.

पहिल्या २००-३०० किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा टॉर्क रेंचने तपासा आणि प्रत्येकाच्या डोक्यावरून प्लेटवर रंगाची एक रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली तर तो बोल्ट फिरलाय. रेघ अखंड आहे आणि तरी दार खाली बसलंय, तर बिजागरीला हात न लावता पुन्हा लेव्हल ट्यूब काढा आणि बॉडी माउंटची रबरं बघा. नवी रबरं दबतात आणि चौकटीचे कर्ण बदलतात.